ताईच्या चौऱ्याण्णव ओळी

माझ्या थोरल्या बहिणीने चार वर्षं खपून वाढवलेल्या धानाचा नकाशा मी एका दुपारी संगणकातून काढून टाकला. काढायला क्षणभर लागला. तिला ते सांगायला मला पाच महिने लागले, आणि सांगितलं तेव्हा जे सांगितलं तेही खरं नव्हतं. हे लिहून काही दुरुस्त होणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

आमचं गाव एकोडीपासून चालत अर्ध्या तासावर. घरच्या तीन बांध्या, म्हणजे चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेली धानाची तीन शेतं, आणि त्यांच्या वरच्या अंगाला गावची बोडी. त्या लहानशा तलावाच्या पाण्यावर आमच्या पट्ट्यातल्या लोकांना उन्हाळी धानही घेता येतं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती बारावी सायन्स झाली, साकोलीच्या कॉलेजात तिचं नाव घातलं, आणि त्याच वर्षी आईने अंथरूण धरलं. ताई घरी परत आली ती कायमचीच. आई दोन वर्षांनी गेली, पुढे बाबांचे गुडघे गेले, शेत ताईच्या अंगावर पडलं. लग्नाचं बोलणं दोनदा आलं आणि दोनदा राहून गेलं. मला मात्र तिने भंडाऱ्याला शिकायला धाडलं, मग नागपूरला, आणि तिथून मी दुसऱ्या राज्यातल्या एका शेती संशोधन संस्थेत पीएच.डी.ला गेले. मी चिखलात पाय घालणारी संशोधक नव्हते. माझं काम संगणकावरचं होतं, पिकांचे जनुकीय नकाशे एकमेकांना जोडण्याचं.

पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा ताईने विचारलं होतं, "काय वं लहाने, हे तुयं काम तरी काय आहे? लोक विचारतात, मले सांगता येत नाई."

ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी शेजारी बसून सांगायला लागले. धानाच्या पेशीत बारा गुणसूत्रं असतात, त्यांच्यावर ठिकठिकाणी आम्हाला ओळखता येतील अशा खुणा असतात. दोन वाणांचा संकर केला की पुढच्या पिढ्यांमध्ये या खुणा कशा वाटल्या जातात ते बघायचं. ज्या दोन खुणा बहुतेक वेळा सोबतच राहतात त्या एकमेकींच्या जवळ असणार, ज्यांची ताटातूट होते त्या दूर. त्यावरून कोणती खूण कोणत्या खुणेनंतर येते याचा नकाशा होतो. पण एका संकरातून सगळ्या खुणा दिसत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या संकरांचे नकाशे घेऊन त्यांचा एक मोठा नकाशा करायचा.

ताईचा हात थांबला होता. चेहऱ्यावरून कळलं, की काही पोचलेलं नाही. मग मी एस.टी.चं उदाहरण घेतलं.

"असं समज, भंडाऱ्यावरून साकोलीले येणाऱ्या गाडीत चार बाया बसल्या. मधात सगळ्यांचाच डोळा लागला. कोणाले चार थांबे आठवतात, कोणाले सहा. मी एकेकीले विचारतो, बाई, कोणतं गाव पहिले आलं, कोणतं मंग आलं. सगळ्याईचं जोडलं की पूरा रस्ता तयार होते."

"अन् एखादीनं उलटंच सांगतलं तं?"

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या म्हणतात लाखनी पहिले, साकोली मंग. अन् एक म्हणते साकोली पहिले."

मी म्हटलं, तेच तर माझं खरं काम. असं झालं की रस्ता गोल फिरतो, लाखनीनंतर साकोली, साकोलीनंतर पुन्हा लाखनी. मग माझा प्रोग्राम कोणाच्या शब्दाला किती वजन आहे ते मोजतो आणि सगळ्यांत हलका शब्द कापून टाकतो. गोल तुटतं, रस्ता सरळ होतो.

ताईने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "पण ते बाई देवरीकडून येत असन तं? तिच्या रस्त्यात साकोलीच पहिले येते."

मी हसले. "सगळ्या एकाच गाडीत बसल्या आहेत ना वं ताई."

माझ्या मार्गदर्शक सरांकडे तीन संकरांचे नकाशे होते. तिन्ही मोठ्या शेती केंद्रांवर वाढवलेल्या, प्रसिद्ध वाणांच्या संकरांचे. चौथा पाहिजे होता तो आमच्या पूर्व विदर्भातल्या जुन्या धानांचा. त्यासाठी जागा नव्हती, माणूस नव्हता. मीच म्हटलं, आमच्या बांधीत होईल. सर आधी नको म्हणाले, मग हो म्हणाले.

दोन धानं निवडली. एक आमच्या घरचं, बारीक दाण्याचं, शिजताना घरभर वास सुटायचा असं. दुसरं आंधळगावच्या आमच्या मामाकडचं, लाल टरफलाचं जाडं धान, जे पाण्यात चार दिवस बुडालं तरी उभं राहायचं म्हणून मामा मुद्दाम ठेवायचा. संकर कसा करायचा ते मी संस्थेत शिकून आले आणि ताईला दाखवलं. फुलोऱ्याच्या आधी लोंबीतला एकेक दाणा वरून कात्रीने छाटायचा, आतले सहा बारीक परागकोश चिमट्याने काढायचे, कागदी पिशवी चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी दुसऱ्या धानाची लोंबी त्याच्यावर झटकायची. माझ्या हातून दहातले दोन दाणे धरले. ताईच्या हातून सात.

तिचा चेहरा मला त्या दिवसांतला आठवतो. धुऱ्यावर उकिडवी बसलेली, डोळ्यांजवळ धरलेली लोंबी, ओठ घट्ट मिटलेले. कोणी हाक मारली तरी तिला ऐकू जात नसे.

पुढची चार वर्षं तिने दर पावसाळी आणि दर उन्हाळी हंगामात ते धान लावलं. शंभर ओळींनी सुरुवात झाली. प्रत्येक ओळीतून पुढच्या हंगामासाठी एकच लोंबी, तिची वेगळी पुडी, पुडीवर नंबर. खेकड्यांनी आणि एकदा शेजारच्या बकरीने मिळून सहा ओळी संपवल्या. चौऱ्याण्णव राहिल्या. रोवणीला, म्हणजे रोपं लावायला, बाया यायच्या त्यांना ती या बांधीत पाऊल टाकू देत नसे. "हे माया बहिणीचं आहे," म्हणायची, आणि धानाचे परे, म्हणजे ती कोवळी रोपं, एकटीच लावायची, पाठ मोडेपर्यंत. शंभर पानी वह्या आणून त्यांत ती रोज लिहायची: कोणती ओळ कोणत्या दिवशी फुलली, कोणाची उंची किती, कोणाचं टरफल कोणत्या रंगाचं. मी एवढं मागितलं नव्हतं. एका वर्षी बोडी फुटायला आली आणि खालच्या बांधीत सहा दिवस पाणी साचलं. त्या वहीत तिने नुसतं लिहिलं होतं, "पाणी उतरलं. एकोणीस ओळी उभ्या आहेत," आणि खाली त्या एकोणीस ओळींचे नंबर.

याच काळात बाबा गेले. तेराव्याला मी आले होते, तेव्हा भेटायला आलेल्या बायकांत बसलेली ताई मध्येच उठली आणि मला मागच्या दाराशी नेऊन म्हणाली, "चाळीस नंबर आज फुलली असन. पाहून येतं का? मले असं उठून जाता येत नाई." मी पाहून आले. फुलली होती. ताईने मान हलवली आणि परत बायकांत जाऊन बसली.

शेवटच्या पिढीची, आणि दोन्ही मूळ धानांचीही, कोवळी पानं आम्ही दोघींनी कापली. एकेका पिशवीत ओल शोषणारे पांढरे दाणे, त्यावर पान, वर नंबर. ताईने प्रत्येक नंबर दोनदा वाचला. पिशव्या घेऊन मी निघाले तेव्हा ती एकोडीच्या फाट्यापर्यंत सोबत आली, आणि गाडीत चढताना म्हणाली, "सांभाळून नेजो. खाली नको ठेवू."

नकाशा तयार झाला. पहिल्यांदा तो पडद्यावर बघितला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. मग मी तो बाकीच्या तीन नकाशांशी जोडायला घेतला.

अकरा गुणसूत्रं नीट जुळली. एकावर मात्र, साधारण मधोमध, तेवीस खुणांचा एक तुकडा होता, त्यात ताईच्या ओळी बरोबर उलटा क्रम सांगत होत्या. इतर तिघांत जी खूण पहिली ती इथे तेविसावी. प्रोग्रामने जे करायचं ते केलं. बाकीच्या संकरांत शेकड्यांनी झाडं होती, ताईच्या चौऱ्याण्णव. तिच्या शब्दाला वजन कमी. त्याने त्या तुकड्यापुरते तिचे शब्द कापले. पण ते कापूनही आजूबाजूच्या खुणांची अंतरं ताणली जात होती, जोडलेला नकाशा त्या जागी वेडावाकडा होत होता. मी महिनाभर झगडले. वजनं बदलून पाहिली, खुणा एकेक करून काढून पाहिल्या. शेवटी सरांकडे गेले.

सर वाईट माणूस नव्हते. माझा जेवणाचा डबा विसरला तर स्वतःचा अर्धा देणारे होते. त्यांनी छापील कागद टेबलावर पसरला, बराच वेळ पाहिला.

"तीन नकाशे एक सांगतात, एक वेगळं सांगतो," ते म्हणाले. "हा संकर कुठे वाढवला होता? तुमच्या घरी ना?"

"हो सर. माझ्या बहिणीने."

"मग झालं असेल काहीतरी. घरची शेती आहे. रोवणीला माणसं येतात, पेंढ्या इकडच्या तिकडे होतात, पुड्या बदलतात. कोणाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. पण या एका नकाशापायी तुझा प्रबंध अडकून पडलाय. काढून टाक. कारण एका ओळीत लिही."

मला तेव्हाच माहीत होतं, की हे कारण बसत नाही. मी अडाणी नव्हते. रोपं मिसळली, पुड्या बदलल्या तर नकाशा सगळीकडे विस्कटतो. अंतरं फुगतात, बाराही गुणसूत्रांवर फुगतात. अकरा स्वच्छ आणि बाराव्यावर फक्त एक तुकडा, तोही असा नेटका उलटा, हे चुकीने होत नाही. त्या दोन्ही धानांत तो तुकडा मुळातच उलटा असला, तरच असं दिसेल. हे मी सरांच्या खोलीत उभी असताना माझ्या मनात आलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर ते सिद्ध करायला आणखी दोन वर्षं लागली असती, आणि मला तिथे पाच वर्षं होऊन गेली होती. मी थकले होते. आज मी स्वतःला दुसरी काही कारणं देऊन बघते, पण कारण तेवढंच होतं.

मी नकाशा काढला आणि प्रबंधात लिहिलं की चौथा संकर शेतावर बियाणं मिसळल्याच्या शक्यतेमुळे वगळला आहे. इंग्रजीत ते वाक्य बरंच सभ्य दिसत होतं.

पाच महिन्यांनी घरी गेले. पावसाळी धान कापून झालं होतं. ताईने त्या हंगामातही चौऱ्याण्णव ओळी लावल्या होत्या, कोणी न सांगता, बियाणं ताजं राहावं म्हणून. माजघरात पत्र्याच्या पेटीत पुड्या ओळीने रचलेल्या होत्या. तिने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि विचारलं, "मंग? जुळला का आपला नकाशा?"

"ताई," मी म्हटलं, "त्या ओळी कुठी मिसळल्या असतीन का? रोवणीत? कधी एखादी पुडी?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती उठली, आतून सगळ्या वह्या घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. एकेक उघडून दाखवायला लागली. हा हंगाम, ही ओळ, ही पुडी. तिचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

"हे पाय, इथं लिवलं आहे. सतरा नंबरची पुडी ओली झाली होती, तं वाळवून परत भरली. तेही लिवलं आहे. मी कोणाले हात लावू देल्ला नाई. तू होती ना पानं कापाले? दोनदा वाचले ना नंबर?"

"हो. पण बाकीच्या तिघांशी जमत नाई ना. मिसळलं असन असं लिहून काढून टाकला तो नकाशा."

"मी चुकली असं तुले वाटून राहिलं का?"

इथे मी खरं बोलू शकले असते. समोर फक्त ती होती. सर नव्हते, परीक्षक नव्हते. पण मी आधीच लिहून आले होते, आणि लिहिलेल्याच्या बाजूने बोलणं सोपं होतं.

"मी नाई म्हणत," मी म्हणाले. "मशीन म्हणते."

ताईने वह्या बंद केल्या. एकावर एक नीट रचल्या. "भाजी वाढू का अजून?" तिने विचारलं. मी नको म्हटलं. त्यानंतर ती मी असेपर्यंत साधीच बोलली, इकडचं तिकडचं. मला वाटलं, मनाला फार लावून घेतलेलं दिसत नाही.

उन्हाळी हंगामात मी फोन केला तेव्हा सहज विचारलं, की ओळींचं बियाणं नीट आहे ना. ती म्हणाली, "पेरलं."

"ओळीनं?"

"नाई. सगळ्या पुड्या सुपात ओतल्या अन् एकत्र करून परे टाकले. बांधीले बियाणं पाहिजेच होतं. तसेही ते मिसळलेलेच होते म्हणून लिवलं ना तुमी."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मी काहीतरी बोलू शकले असते. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. ते धान कापून, मळून, कुटून खाल्लं गेलं. थोडं माझ्यासाठीही पाठवलं होतं. तो भात मी खाल्ला.

मला पदवी मिळाली. जोडलेला नकाशा छापून आला आणि बऱ्याच जणांनी वापरायला घेतला. मी संस्थेत आणखी वर्षभर काढलं आणि भंडाऱ्यात एका कॉलेजात संगणक शिकवण्याची नोकरी धरून परत आले. ताईने बांध्या ठेक्याने दिल्या होत्या आणि गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायला जाऊ लागली होती. गुडघे दुखतात, चिखल झेपत नाही, असं तिने सांगितलं. मी ते मानलं.

तीन वर्षांनी, मी वर्गावर जायच्या तयारीत असताना, संस्थेतून फोन आला. माझ्यानंतर तिथे आलेल्या एका बाईंचा. गुणसूत्राचे लांबच लांब तुकडे सलग वाचणारं नवं यंत्र त्यांच्याकडे आलं होतं, आणि तपासून बघायला म्हणून त्यांनी शीतपेटीतले जुने नमुने घेतले होते. त्यांत आमच्या दोन्ही धानांचे होते. त्या उत्साहात बोलत होत्या. "मॅडम, गंमत बघा, तुमच्या दोन्ही वाणांत तो तेवीस खुणांचा तुकडा उलटाच आहे. दोघांतही! तुम्ही वगळलेला नकाशा बरोबर होता. त्या ओळींचं बी आहे का तुमच्याकडे? त्या तुकड्यात काय दडलंय ते ओळींवरूनच शोधता येईल."

मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, थोडंसंही नाही? मी म्हटलं, नाही.

ती गाडीतली बाई खरंच देवरीकडून येत होती. हे ताईने सूप हातात धरून विचारलं होतं आणि मी हसले होते. त्या दिवशी मी वर्गावर गेले नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. मी खुर्चीवर बसून राहिले, घंटा झाली, पुन्हा झाली. रडू आलं नाही. 

त्या रविवारी आधी आंधळगावला गेले. ताईला सांगण्याआधी हातात काहीतरी असावं, असं वाटत होतं. मामा वारला होता. मामीला ते लाल टरफलाचं धान आठवत होतं.

"ते?" ती म्हणाली. "कोण खाते आता ते, बाप्पा? पोराईनं कधीचंच सोडलं."

तरी तिने माळ्यावरून एक मडकं काढून दिलं. तळाशी मूठभर धान होतं, उंदरांच्या लेंड्यांत मिसळलेलं. मी ते निवडून भंडाऱ्याला आणलं, ओल्या फडक्यात बांधलं, रोज पाणी शिंपडलं. आठ दिवस, दहा दिवस. एकाही दाण्याला मोड आला नाही. फडक्याला आंबूस वास सुटला, बुरशी आली. घरच्या बारीक धानाचीही चौकशी केली. गावात एकाकडे त्याच नावाने काहीतरी होतं, पण शिजवल्यावर वास आला नाही.

मग ताईकडे गेले. दुपार होती, शाळेला सुट्टी होती, ती पडवीत चिंचा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. यंत्राचं, उलट्या तुकड्याचं, आणि हेही की मला तेव्हाच शंका आली होती आणि मी बोलले नव्हते. हे शेवटचं सांगायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

ती ऐकत होती. चिंचेचा एकेक दाणा काढून बाजूला टाकत होती.

"म्हणजे माया ओळी बरोबर होत्या," ती म्हणाली.

"हो."

"अन् तुले मालूम होतं."

"पक्कं नाई. पण हो."

तिने चिंचेची टरफलं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "आता कायले सांगतं वं लहाने? मी तं कधीचंच मानून घेतलं होतं का मीच चुकली. रोज आठवत बसो, कोणत्या दिवशी चुकली असन. पानं कापताना? का बाबा गेले तवा? वरीसभर आठवलं. मंग सापडलं बी मले. एक दिवस ताप होता, त्या दिवशी झालं असन, असं धरून बसली. आता तू म्हणतं, तेही नाई."

मी तिच्या वह्या मागितल्या. निदान सहा दिवस पाण्यात टिकलेल्या त्या एकोणीस ओळींचे नंबर मिळाले असते, धानाच्या पानांतून मिळालेल्या जुन्या माहितीशी लावून काही दिसलं असतं. ती म्हणाली, "छपरीत ठेवल्या होत्या. उधई लागली. पावसाळ्यात पायल्या तं माती झाली होती. फेकल्या."

मी तरी छपरीत जाऊन शोधलं. कोपऱ्यात वाळवीच्या मातीत एका वहीचं पुठ्ठ्याचं पान तेवढं सापडलं, कोरं.

सरांना फोन केला. ते निवृत्तीला आले होते. शांतपणे ऐकून म्हणाले, की दुरुस्ती छापू, पण ओळीच नसतील तर पुढे कोणी काय करणार. ते बरोबरच होतं. वर्षभराने चार वाक्यांची दुरुस्ती छापून आली: या दोन स्थानिक वाणांत अमुक तुकड्याचा क्रम उलटा आहे, त्यामुळे जोडलेला नकाशा त्या भागापुरता या वाणांना लागू करू नये. मोठा नकाशा आहे तसाच राहिला. लोक तो तसाच वापरतात. दुरुस्ती वेगळ्या पानावर असते, ते पान कोणी उघडत नाही. मीही इतरांच्या दुरुस्त्या कधी उघडल्या नव्हत्या.

तो कागद घेऊन मी गावी गेले. ताई शाळेत जायच्या गडबडीत होती, तांदूळ निवडायचे राहिले होते. मी म्हटलं, दोन मिनिटं बस, आणि चारही वाक्यं तिला मराठीत करून वाचून दाखवली. तिने नीट ऐकलं. एकदा परत वाच म्हणाली. मी परत वाचलं.

"यात मायं नाव आहे का?" तिने विचारलं.

नव्हतं. माझं होतं, सरांचं होतं, त्या नव्या बाईंचं होतं. टाकता आलं असतं. कोणी अडवलं नसतं. मसुदा मीच लिहिला होता, चार वेळा वाचला होता, आणि चारही वेळा मला ते सुचलं नव्हतं.

"नाई," मी म्हटलं. "मले सुचलंच नाई ताई."

"असू दे," ती म्हणाली. पदराने हात पुसले, चपला शोधल्या, एक खाटेखाली गेली होती ती पायाने ओढून काढली. "पोरं उपाशी राहतीन. भात झाकून ठेवला आहे, खाऊन घेजो. जाताना कडी लावजो."

ती गेली. मी भात खाल्ला नाही. कागद कुठे ठेवायचा ते सुचेना, म्हणून पुन्हा पर्समध्ये घातला. कडी लावली आणि फाट्याकडे चालू लागले. त्यानंतर मी पुष्कळदा घरी गेले आहे. ताई माझ्या तब्येतीचं विचारते, कॉलेजचं विचारते. माझं काम काय आहे, असं मात्र तिने पुन्हा कधी विचारलं नाही.